मोठ्या आवाजाची मोटर

“म्हातारा मोटर घेतोय का तानपुरा?”

माझ्या पाठीशी उभा असलेला माणूस पुटपुटला. हळूच, पण इतक्या जवळून की त्यानं नुकतीच बडीशेप खाल्लीय हेही मला कळलं. मी मागं वळले नाही. त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. माझे सासरे, आप्पा, काउंटरवर कोपर टेकवून उभे होते. दुकानदार तुषार पगार एकेका छोट्या मोटरीला बॅटरीच्या वायरी लावत होता. मोटर किंचाळायला लागली की आप्पा डोळे मिटून कान तिच्याकडं करत, थोडं ऐकत आणि मान हलवत. नाही. पुढची.

“ही फार गोड बोलते,” ते म्हणाले. “खरखरीत नाही का एखादी?”

“काका, लोक कमी आवाजाची मागतात.” तुषार तसा सोशिक होता. “जितका आवाज कमी तितकी मोटर चांगली.”

“ते बायकोच्या बाबतीत. मोटर मला मोठ्या आवाजाची पाहिजे.”

दुकानातली दोन कॉलेजची पोरं हसली. मी हे वाक्य घरी जाऊन आईंना, म्हणजे सासूबाईंना, जसंच्या तसं सांगायचं म्हणून लक्षात ठेवलं.

“काकू, विमान कुठल्या टाइपचं करताय तुम्ही?” तुषारनं मला विचारलं. आप्पांकडून उत्तर मिळायचं नाही हे त्याला एव्हाना कळलं असावं.

“उडणाऱ्या,” आप्पाच म्हणाले.

नाशिकला शालिमारच्या बाजूला, एका पंख्यांच्या दुकानाच्या माडीवर हे सगळं चाललं होतं. त्याला आता बरीच वर्षं झाली. ते विमान आज माझ्या शिलाईच्या दुकानात छताला टांगलेलं आहे. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका हात वर करून उभ्या राहिल्या की त्यांची नजर आपसूक त्याच्यावर जाते. वरून भगवं, खालून काळं. एका पंखाला पांढरी चिकटपट्टी आहे आणि पोटावर गवताचा हिरवा पट्टा. तो पट्टा मी कुणाला पुसू देत नाही.

आप्पांनी उभा जन्म ओझरच्या विमान कारखान्यात काढला. इन्स्पेक्शनला होते. म्हणजे बाकीच्यांनी विमान जोडायचं आणि आप्पांनी त्याच्यातली खोट काढायची. पत्र्याला केसाएवढी चीर असो, एखादा रिव्हेट किंचित तिरका बसलेला असो, आप्पांना दुरून दिसायचं. मुरलीधर कोठावद्याचा शिक्का बसल्याशिवाय विमान शेडच्या बाहेर पडत नाही, असं तेव्हा म्हणायचे. शिक्क्याची ही सवय त्यांनी घरीही आणली. भाकरीची कड, खिडकीचा गज, पाहुण्यांच्या पोरीचं नाक, सगळ्याची तपासणी व्हायची.

माझी तर फारच झाली. मी बारावी झालेली, शिवण कुठल्या क्लासात शिकले नाही. जुनी ब्लाउजं उसवून, ती कशी जोडली असतील ते बघत बघत शिकले. दुकान काढायचं म्हटलं तेव्हा आप्पा म्हणाले, “शिवलेलं आधी मला दाखवायचं.” मग रोज संध्याकाळी ते उजेडाकडं धरून माझी शिलाई बघत आणि नखानं एकेक चूक दाखवत. मी रडकुंडीला यायची. एक दिवस त्यांनी ब्लाउज उलटसुलट केला, पुन्हा केला, कपाटातून लाल शाईचा शिक्का काढला आणि कागदी पिशवीवर मारला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. माझ्या मशीनची सुई ओवून द्यायचं कामही त्यांनीच घेतलं होतं. दोरा हातभर लांब धरायचे आणि एका खेपेत आरपार. कितीतरी वर्षं मी स्वतः सुई ओवली नाही.

विमानाचं खूळ गणपतीत निघालं. देवरे काका हे आप्पांचे कारखान्यातले जुने सोबती. निवृत्त झाल्यावर ते रिमोटवरची विमानं घरी बनवून दिंडोरीच्या बाजूला, मेव्हण्याच्या माळावर उडवत. त्यांचं एक नवीन विमान कॉलनीच्या मांडवात पाहायला ठेवलं होतं. आप्पांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “डावा पंख चढलाय.”

“चढू दे,” देवरे काका आरतीला जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “कोठावदे, जन्मभर दुसऱ्याच्या विमानात खोट काढलीस. एकदा स्वतः उडवून दाखव, मग बोल.”

आप्पांनी हातातला मोदक संपवला, हात धुतले, उपरण्याला पुसले.

“दसऱ्याला,” ते म्हणाले. “तुझ्याच माळावर. घरी केलेलं विमान, माझ्या हातानं.”

घरी येऊन दारात चपला काढताना आई एवढंच म्हणाल्या, “तुमचा नंबर वाढलाय ना.”

“नंबर वाढलाय. अक्कल जागेवर आहे.”

हे नंबर वाढणं आमच्या घरात वर्षभरापासून चाललेलं होतं. आमचे हे, किशोर, आप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले होते. परत आले तेव्हा आप्पा सरळ अंघोळीला गेले आणि हे फ्रिजमधलं पाणी पिता पिता म्हणाले, “नंबर वाढलाय.” किती वाढलाय ते कुणी विचारलं नाही. त्यानंतर आप्पांच्या हातून चहा सांडला की नंबर वाढलाय. देवरे वहिनींना रस्त्यात ओळख दिली नाही की नंबर वाढलाय. आईंनी आयुष्यात पेपर हातात धरला नव्हता, त्या रोज सकाळी ओट्यावर बसून मोठ्यानं पेपर वाचायला लागल्या. म्हणायच्या, मनात वाचलेलं मला कळत नाही बाई. आप्पा शेजारी बसून दुसरीकडंच बघत असायचे आणि आईंनी एखादी बातमी गाळली की म्हणायचे, “कोपऱ्यातलं राहिलं.” मी सुईत दोरा घालायची ती पातळ तारेची चकती बाजारातून आणली आणि आप्पांना म्हटलं, नवीन मशीनला हीच लागते. मशीन जुनंच होतं. ते बरं म्हणाले.

तर त्या माडीवरच्या दुकानात आप्पांना अखेर एक मोटर पसंत पडली. ती चालू केली तेव्हा बडीशेपवाल्या माणसानं कानावर हात ठेवले.

“हिचा आकडा काय आहे, वाच गं शैला. चष्मा घरी राहिला.”

चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता, आणि खिसा माझ्या नाकासमोर. मी आकडा वाचला.

प्रोपेलरच्या वेळी तुषारनं एक लहान, सुबक असा पुढं ठेवला. आप्पांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तो बाजूला सारला. मग थोराड, जाड पात्याचा एक उचलला. “हा लावला तर कसा आवाज येईल?”

“करवतीसारखा. काका, बॅटरी पण लवकर खाईल हा. हलक्या हातानं उडवलं तरी लवकर संपणार.”

“खाऊ दे.”

पंखांची पाती हलवणाऱ्या इवल्या मोटरी, रिमोट, बॅटरी, सगळं ठरत गेलं. मग मोटरीला वीज कमी-जास्त करणारा डबा आला, स्पीड कंट्रोलर. त्याचे दोन प्रकार तुषारनं शेजारी शेजारी ठेवले.

“ह्या साध्याला काही कळत नाही. बॅटरी संपली की मोटर बंद, कंट्रोलही बंद, विमान दगडासारखं खाली. हा दुसरा शहाणा. बॅटरी उतरायला लागली की हा आधी मोटर बंद करतो आणि उरलेली वीज कंट्रोलसाठी राखून ठेवतो. म्हणजे तरंगत तरंगत उतरवता येतं.”

“मोटर मध्येच बंद?” आप्पा म्हणाले. “नको. मोटर शेवटपर्यंत चालली पाहिजे. तो साधा दे.”

“दुसरा द्या,” मी म्हटलं.

तुषारनं माझ्याकडं पाहिलं, मग आप्पांकडं. परक्या माणसासमोर सासऱ्याचं म्हणणं खोडून काढायची माझी पहिलीच वेळ होती आणि माझे कान तापले होते. पण मी शिवणारी बाई आहे. दोरा तुटला म्हणून सुईही मोडणारं मशीन मी घेणार नाही.

“दुसराच द्या,” मी परत म्हटलं. “शहाणा.”

ओझरपर्यंत आप्पा बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले. उतरताना म्हणाले, “दोन शहाणे झाले घरात.”

विमान माझ्या कटिंगच्या टेबलावर तयार झालं. मी फोनवर व्हिडिओ बघायची, अडलं की थांबवायची, परत बघायची. बोलणाऱ्यांची भाषा निम्मी कळायची नाही, पण हात काय करतायत ते कळायचं आणि मला तेवढं पुरतं. फोमची शीट मी ब्लाउजच्या पाठीसारखी बेतली. पंख अंगाच्या वर, छत्रीसारखा, दोन्ही टोकं जरा उचललेली. असा पंख असला की हात सोडला तरी विमान आपोआप सरळ होतं. हे आप्पांनीच ठरवलं. किशोर म्हणाले होते, जरा रुबाबदार करा, लढाऊ विमानासारखं. आप्पा म्हणाले, “मला रुबाब नको, भरवसा हवा.” मी कापायची, चिकटवायची आणि त्यांच्या पुढ्यात ठेवायची. ते बोटांनी कडा चाचपायचे, हातभर लांबीत कुठं दाणा लागला तरी थांबायचे. “इथं. घास.” मला माझे ब्लाउजाचे दिवस आठवायचे.

एक दिवस त्यांनी मोटर, प्रोपेलर आणि बॅटरी जळमटं काढायच्या लांब दांड्याला बांधायला लावली.

“तू हे घेऊन कंपाउंडात चाल. मी इथं उभा.”

“कुठं चालू?”

“तेच मला सांगायचं नाही.”

मग ते तुळशीकडं पाठ करून उभे राहिले, डोळे मिटले आणि हात पुढं केला. मी दांडा उंच धरून मोटर चालू केली. करवतीला लाजवेल असा आवाज. मी पेरूच्या झाडाकडं गेले, त्यांचं बोट माझ्यामागून आलं. पहिल्या दिवशी बोट मागं पडायचं, चुकायचं, भलतीकडं जायचं. मग रोज सकाळी पाणी भरून झालं की आमचा हा खेळ. हळूहळू बोट अचूक झालं. मी दांडा वर नेला तर बोट वर, खाली आणला तर खाली. शेजारच्या बागूल वहिनींनी भिंतीवरून विचारलं, काय चाललंय हो? मी म्हटलं, मोटर टेस्ट करतोय. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या, “त्यापेक्षा मिक्सर घेऊन फिर. आवाज तेवढाच, आणि चटणी तरी होईल.” पण म्हणताना त्या आप्पांच्या बोटाकडंच बघत होत्या.

एकदा बॅटरी गरम झाली म्हणून मी मध्येच स्विच बंद केला आणि सावलीत सरकले. आप्पांचं बोट जुन्या जागीच रोखलेलं राहिलं. तिथं आता फक्त दोरीवर माझी साडी वाळत होती. ते साडीकडं बोट दाखवत उभे, चेहऱ्यावर तो तपासणीचा करारी भाव. मी चप्पल वाजवली. बोट हललं आणि माझ्यावर आलं.

“बंद का केलीस?”

“तापली होती.”

“बंद करताना सांगत जा.”

“हो आप्पा.”

त्या दिवशी जेवताना मी किशोरना म्हटलं, उद्यापासून आम्ही सकाळी माळावर जाऊ, सरावाला. गाडी लागेल.

“शैला, तू त्यांचं खूळ काढायचं सोडून त्यात हवा भरतेस.” आप्पा आतल्या खोलीत होते, म्हणून हे हळू बोलत होते. “सगळ्या कॉलनीसमोर पडलं तर?”

“तर पडेल. पट्टी लावू.”

“मी विमानाचं बोलत नाहीये.”

“मग कशाचं बोलताय?”

त्यांनी भात कालवला, परत कालवला. भात केव्हाचाच कालवून झाला होता.

“त्यांचा नंबर वाढलाय,” ते म्हणाले.

“माहितीये,” मी म्हटलं, आणि गाडी मिळाली.

माळावर आम्ही उड्याच मारल्या म्हणायच्या. मी विमान हातानं पुढं फेकायची, ते कर्कश ओरडत सरळ वर चढायचं, आप्पा अंगठ्यानं मोटर हळू करत सरळ समोर गवतात उतरवायचे. हळू म्हणजे आवाज बारीक, पण चालू. वळण घ्यायचं नाही. वळण दसऱ्यासाठी राखून ठेवलं होतं. मी बाजूला उभी राहून मोठमोठ्यानं कौतुक करायची. वा, बाभळीएवढं उंच गेलं. वा, आता खाली आलंच. आप्पांनी एकदाही म्हटलं नाही की गप्प बस. इतर वेळी माझं बोलणं त्यांना फार वाटायचं.

खंडेनवमीला आईंनी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली. किशोरचे पाने, स्क्रूड्रायव्हर, माझी कात्री, मशीनला झेंडूची माळ, आणि मध्ये विमान. हळदकुंकू, अक्षता, नारळ. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही म्हणून विमान रात्रभर पाटावरच राहिलं. दसऱ्याला सकाळी निघताना आप्पांनी सवयीनं पंखाखाली दोन बोटं टेकवून ते उचललं. तोल बरोबर असला की विमान बोटांवर सपाट बसतं. ते शेपटीवर कलंडलं.

“शेपूट जड आहे,” आप्पा म्हणाले. “काल नव्हती. कुणी काय लावलं?”

मी विमान उलटं केलं. शेपटीखाली, पंखाच्या आडोशाला, काळ्या दोऱ्यानं लिंबू-मिरची बांधलेली होती. लिंबूही काही लहानसहान नव्हतं.

“पुढं बांधलं असतं तर तुमच्या पंख्यानं चिरलं असतं,” आई म्हणाल्या. “म्हणून मागं बांधलं. लोक काय नजरेनं बघतील सांगता येतं का?”

किशोरनी कात्री उचलली. आप्पांनी हात आडवा केला.

“कापू नको. शैला, ते सोड आणि नाकाच्या आत बॅटरीपुढं ठेव. नाहीतरी नाक जरा हलकंच होतं.”

मी लिंबू आणि मिरच्या नाकात कोंबून वर पट्टी लावली. आप्पांनी परत बोटांवर धरलं. विमान ताटासारखं सपाट बसलं. आई गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. एरवी त्या मागं बसत.

माळावर देवरे काकांनी निम्मी कॉलनी जमवली होती. ऊन कोवळं होतं, वारा नव्हता म्हटलं तरी चाललं असतं. माळाच्या एका अंगाला बाभळी, एका अंगाला विहीर, आणि समोर लांब द्राक्षबागेच्या तारा. लोकांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली. देवरे काकांनी आप्पांच्या हातात पान ठेवलं आणि विमानाला चक्कर मारली.

“काम चोख आहे,” त्यांनी मान्य केलं. “पण वास कसला येतोय रे? मिरचीचा?”

“गुप्त भाग आहे,” आप्पा म्हणाले.

त्यांनी रिमोट गळ्यात अडकवला आणि वाऱ्याच्या दिशेला तोंड केलं. मी विमान डोक्यावर धरलं.

“चालू?”

“चालू.”

करवत सुरू झाली. मी धावले आणि फेकलं.

विमान चढलं. बाभळींच्या वर गेलं, आणि पहिल्यांदाच वळलं. सावकाश, मोठं, गोल वळण. मी धापा टाकत आप्पांच्या शेजारी येऊन उभी राहिले. त्यांनी डोळे मिटले नव्हते. मान थोडी बाजूला करून, तिरकं, आवाजामागून त्यांचा चेहरा फिरत होता.

“बाभळीच्या शेंड्यावरून काय छान आलं हो,” मी मोठ्यानं म्हटलं, कुणाला म्हणून नाही.

“अगं बाई, आता विहिरीकडं निघालं की,” आई घडीच्या खुर्चीवरून म्हणाल्या.

“उंच आहे, उंच आहे, भरपूर उंच आहे,” किशोर म्हणाले. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. घडी घातलेले हात मात्र सुटले होते.

“तुम्ही घरचे लोक काय क्रिकेटची कॉमेंट्री करताय का?” देवरे काका हसले.

आमच्यापैकी कुणी हसलं नाही. आम्ही बोलत राहिलो, एकमेकांशी बोलल्यासारखं. आई म्हणत, आता परत फिरलं. मी म्हणे, हो ना, आपल्या समोरच आलं. आप्पांचे अंगठे हलत होते आणि विमान मोठं गोल काढत होतं, एक झालं, दुसरं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवरे काका म्हणाले, “कोठावदे, मानलं. उतरव आता.” पण आप्पांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते काहीच तपासत नव्हते.

“अजून एक फेरी,” ते म्हणाले.

विमान द्राक्षबागेच्या बाजूला वळत होतं, आणि करवत थांबली.

एकदम थांबली. इतका वेळ त्या आवाजाखाली दबलेलं सगळं वर आलं. गवतातले किडे, कुणाच्या तरी बांगड्या, लांबून ट्रॅक्टर. शहाण्या कंट्रोलरनं मोटर बंद करून उरलेली वीज आमच्यासाठी राखून ठेवली होती. विमान पडलं नाही. ते तरंगत राहिलं, भगवा पंख उन्हात चमकला, आणि आवाज न करता ते डावीकडं, तारांकडं सरकायला लागलं.

आप्पांचा चेहरा आवाज जिथं संपला तिथंच थांबला होता. त्या जागी आता नुसतं आभाळ होतं. आमच्या सगळ्यांच्या नजरा एकीकडं आणि आप्पांची एकीकडं, हे माळावर उभ्या असलेल्या कुणालाही दिसलं असतं. देवरे काकांना दिसलं. त्यांचं हसू गेलं.

आई खुर्चीतून उठल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि पदर तोंडाशी नेला. किशोर म्हणाले, “आप्पा, जरा,” आणि तिथंच थांबले. माझ्या जिभेवर शब्द होता. उजवीकडं घ्या. एवढाच. पण वा छान, विहिरीकडं गेलं, हे कुणीही कुणालाही म्हणतं. उजवीकडं घ्या हे सगळ्या कॉलनीसमोर आप्पांना म्हणायचं म्हणजे त्याच्याआधी दुसरं एक वाक्य म्हणायला हवं होतं, आणि ते आमच्यातल्या कुणी वर्षभरात म्हटलं नव्हतं.

“कोठावदे, रिमोट इकडं दे,” देवरे काकांनी हळूच हात पुढं केला.

आप्पांनी रिमोट दिला नाही. उलट तो दोन्ही हातांनी नीट धरला, अंगठे जागेवर ठेवले आणि रिकाम्या आभाळाकडं बघत, कारखान्यात दोष लिहून घ्यायला सांगायचे त्या शांत आवाजात म्हणाले, “शैला, माझा नंबर वाढलेला नाही. मला दिसत नाही. विमान कुठं आहे, सांग.”